शब्दचर्चा : चेहरा आणि डोक्याच्या उपचारांतला ‘करंट’

भाषांतरकार

सौंदर्योपचारांच्या अभ्यासक्रमातला विजेचा धडा मराठीत आणते आहे. गॅल्व्हॅनिक, फॅरॅडिक, हाय फ्रिक्वेन्सी आणि मायक्रोकरंट असे चार प्रकार आहेत. शालेय पुस्तकांतले शब्द हाताशी आहेत: विद्युतधारा, दिष्ट, प्रत्यावर्ती, वारंवारता, धनाग्र, ऋणाग्र, आयन. पण हा धडा वाचणारी मुलगी उद्या कुणाच्या तरी गालावर इलेक्ट्रोड, म्हणजे यंत्राची धारा त्वचेपर्यंत नेणारं टोक, टेकवणार आहे. तिला शब्द नुसता कळून पुरणार नाही, त्यावरून हात बरोबर पडला पाहिजे. अडलेले शब्द असे: कॅटाफोरेसिस आणि अॅनाफोरेसिस, डिसइन्क्रस्टेशन, ‘अॅक्टिव्ह’ आणि ‘इनअॅक्टिव्ह’ इलेक्ट्रोड, ‘डायरेक्ट’ आणि ‘इनडायरेक्ट’ पद्धत. शिवाय स्काल्पला ‘टाळू’ म्हणावं का?

सौंदर्योपचार शिकवणारी

ताई, प्रकारांची नावं आहेत तशीच ठेवा. यंत्रावर तीच छापलेली असतात आणि कामाच्या खोलीत तीच बोलली जातात. ‘दिष्टधारा उपचार’ असं कुणी म्हणत नाही, ‘गॅल्व्हॅनिक लावू या’ म्हणतात. मात्र प्रत्येक नावाखाली साध्या मराठीत एक ओळ हवी: ही धारा कशी वाहते आणि समोरच्या व्यक्तीला काय जाणवतं. गॅल्व्हॅनिक एकाच दिशेने सलग वाहतो, त्वचेवर बारीक मुंग्या येतात, आणि चेहऱ्यावर काम चालू असताना तोंडात धातूसारखी चव येऊ शकते. ही चव आधी सांगितली नाही तर माणूस दचकतो, म्हणून ती धड्यात हवीच.

आणि एक विनंती. ग्राहकाशी बोलायच्या वाक्यांत ‘करंट’ एकटा वापरू नका. मराठीत करंट ‘लागतो’, म्हणजे अपघातच. ‘आता करंट देते’ हे ऐकून कुणाचेही खांदे आक्रसतील. ‘आता मशीन सुरू करते, हलक्या मुंग्या येतील, टोचलं तर लगेच सांगा’ एवढं पुरतं.

विज्ञान शिक्षक

गॅल्व्हॅनिकला एक तळटीप द्या. विद्यार्थिनींना ‘गॅल्व्हनाइज’ पत्रा माहीत असतो, त्यामुळे धातूचा लेप देण्याशी याचा संबंध असेल असं वाटू शकतं. पत्र्यावर जस्ताचा थर असतो, इथे तसलं काही नाही. दोन्ही शब्द इटलीतल्या बोलोन्याच्या लुइजी गॅल्व्हानींच्या नावावरून आले. बेडकाच्या पायाचे स्नायू आकसण्यावरचे त्यांचे प्रयोग 1791 साली प्रसिद्ध झाले. ‘प्राण्यांच्या शरीरातली वीज’ हे त्यांचं स्पष्टीकरण इटलीतलेच शास्त्रज्ञ व्होल्टा यांना पटलं नाही, आणि त्या वादातून 1800 मध्ये व्होल्टांची बॅटरी आली. सलग एका दिशेने वाहणाऱ्या धारेला पुढे गॅल्व्हानींचं नाव चिकटलं.

आता कॅटाफोरेसिस, म्हणजे द्रावणातले धन प्रभाराचे कण (धनायन) गॅल्व्हॅनिक धारेने त्वचेत शिरवणं. माझ्या मते तुमच्या यादीतला सर्वांत धोक्याचा शब्द हाच आहे. ‘कॅटा’ ऐकलं की कॅथोड आठवतो, आणि मुलगी ऋण टोक चेहऱ्यावर धरते. खरं आहे ते नेमकं उलट. धनायन कॅथोडकडे *जातात*, म्हणून त्या हालचालीचं नाव कॅटाफोरेसिस. सारखे प्रभार एकमेकांना दूर लोटतात, तेव्हा धनायनांना त्वचेत रेटायचं तर चेहऱ्यावर धन टोकच हवं. ग्रीक नाव जाण्याची दिशा सांगतं, कामाच्या हाताला मात्र निघण्याची जागा माहीत असावी लागते.

अॅनोड, कॅथोड, आयन ही नावं फॅरडेंनी 1834 मध्ये विल्यम ह्यूएल यांच्या सल्ल्याने रूढ केली. त्यांत वर जाणारी वाट, खाली जाणारी वाट आणि जाणारा असे अर्थ आहेत, धन-ऋण कुठेच नाही. आपल्या परिभाषेत ते शब्दातच बसलेलं आहे. धनायन धनाग्रापासून दूर लोटला जातो, ऋणायन ऋणाग्रापासून. पदार्थ धन तर टोक धन, पदार्थ ऋण तर टोक ऋण. मी तर कॅटाफोरेसिसला सरळ ‘धनप्रवेश’ आणि अॅनाफोरेसिसला ‘ऋणप्रवेश’ सुचवीन. जुनी नावं एकदा ओळख म्हणून द्यावीत आणि पुढचा सगळा धडा या दोन शब्दांत चालवावा. द्रावणाच्या कुपीवर अधिक किंवा उणे चिन्ह असतं, यंत्रावरही तेच. चिन्हाला चिन्ह जुळवलं की झालं.

भाषांतरकार

सर, ‘धनप्रवेश’ फार आवडला. मग टोकांना धनाग्र-ऋणाग्र म्हणावं की अॅनोड-कॅथोड?

विज्ञान शिक्षक

या धड्यात ‘धन टोक’ आणि ‘ऋण टोक’. कारण असं: बाहेरून वीज देऊन रासायनिक क्रिया घडवतो तेव्हा अॅनोड धन असतो. वीज देणाऱ्या बॅटरीत अॅनोड ऋण असतो. त्यामुळे अॅनोड म्हणजे कायम धनाग्र हे समीकरण सगळीकडे चालत नाही. यंत्रावरच्या अधिक-उणे चिन्हांबाबत ती अडचणच येत नाही.

चिन्ह पुसट झालं असेल तर ओळखायची जुनी रीत धड्यात जरूर घाला. यंत्राच्या दोन्ही तारांची टोकं मिठाच्या पाण्यात एकमेकांपासून दूर बुडवायची आणि यंत्र अगदी कमी ठेवायचं. ज्या टोकाशी बुडबुडे जास्त जोमाने येतात ते ऋण, तिथे हायड्रोजन सुटतो. लिटमसही चालतो. ऋण टोकाशी लाल कागद निळा होतो, कारण तिथे अल्कली तयार होते. धन टोकाशी आम्ल, तिथे निळा कागद लाल होतो.

सौंदर्योपचार शिकवणारी

सरांचा हा लिटमसच डिसइन्क्रस्टेशनचा अर्थ सांगतो. ऋण टोक चेहऱ्यावर असलं की त्याखाली अल्कली होते. रंध्रांत घट्ट बसलेल्या तेलकट मळाचा त्या अल्कलीने साबण होतो, आणि मऊ पडलेले ब्लॅकहेड्स मग हलक्या हाताने निघतात. म्हणून नुसतं ‘खोल स्वच्छता’ लिहू नका. ती वाफेनेही होते, स्क्रबनेही होते. शालेय रसायनात ‘साबणीकरण’ आहेच, तेव्हा ‘ऋण टोकाने मळाचं साबणीकरण’ असं लिहा. लांब आहे, पण एकदा वाचलं की कोणतं टोक लावायचं हे पुन्हा विचारावं लागत नाही. धन टोकाचा परिणाम याच्या उलट: त्वचा शांत होते, रक्तवाहिन्या आकसतात, लाली उतरते.

‘इनअॅक्टिव्ह’ला तुम्ही काय लिहिलंय?

भाषांतरकार

‘निष्क्रिय इलेक्ट्रोड’.

सौंदर्योपचार शिकवणारी

तो बदला, ताई. निष्क्रिय म्हटलं की मुलींना वाटतं, त्यात वीज नाही. मग तो कोरड्या हातात दिला जातो, नाहीतर अंगठीला टेकतो. खरं तर जेवढी धारा चेहऱ्यात शिरते तेवढीच या दुसऱ्या टोकातून परत जाते. तो ओल्या कापसात किंवा स्पंजमध्ये नीट गुंडाळलेला हवा, सगळ्या बाजूंनी. एका जागी कापूस विरळ झाला तर सगळी धारा तिथेच गोळा होते आणि तळहाताला चटका बसतो. ‘कामाचा इलेक्ट्रोड’ आणि ‘परतीचा इलेक्ट्रोड’ असे शब्द घ्या. ‘परतीचा’ या शब्दातच वाट पूर्ण होते.

फिजिओथेरपिस्ट

परतीचा इलेक्ट्रोड हा शब्द मीही उचलणार.

फॅरॅडिकबद्दल थोडं. हा तुटक धारेचा प्रकार आहे, स्नायू आकुंचन पावायला लावणारा. फ्रान्सचे डॉक्टर द्युशेन यांनी अशाच धारेने चेहऱ्याचा एकेक स्नायू वेगळा हलवून त्याची छायाचित्रं 1862 मध्ये प्रसिद्ध केली. दहा वर्षांनी डार्विननी त्यांतली काही आपल्या पुस्तकात घेतली. चेहऱ्याच्या स्नायूंची नेमकी जागा शोधून इलेक्ट्रोड ठेवण्याची रीत तेव्हापासूनची आहे.

इथे ‘आखडणे’ हा शब्द टाळा. स्नायू आखडला म्हणजे दुखावला. लिहिताना ‘आकुंचन’, आणि ग्राहकाला सांगताना ‘गाल आपोआप ओढला जाईल आणि सैल होईल’. मायक्रोकरंटमध्ये असं दिसणारं आकुंचन होत नाही. धारा मायक्रोअँपिअरमध्ये, म्हणजे अँपिअरच्या दशलक्षांशात मोजलेली असते आणि बहुतेकांना ती जाणवतही नाही. त्याला ‘सौम्य फॅरॅडिक’ म्हणू नये. दोन्ही वेगळे आहेत.

विज्ञान शिक्षक

हाय फ्रिक्वेन्सीला ‘उच्च वारंवारता’ बिनधास्त वापरा. धारा सेकंदाला लाखाहून अधिक वेळा दिशा बदलते. त्या वेगाला स्नायू प्रतिसाद देऊ शकत नाहीत, म्हणून आकुंचन नाही, फक्त ऊब. तिला धन-ऋण टोकंही नाहीत, तेव्हा धनप्रवेश-ऋणप्रवेश हे शब्द त्या प्रकरणात चुकूनही येऊ देऊ नका. काचेच्या नळीतल्या प्रकाशाचा रंग आतल्या वायूवरून ठरतो: निऑन असेल तर नारिंगी-तांबडा, आर्गॉन असेल तर जांभळट. नळी त्वचेपासून किंचित वर राहिली की ठिणगी उडते आणि ओझोनचा वास येतो.

सौंदर्योपचार शिकवणारी

याच प्रकरणात ‘अप्रत्यक्ष पद्धत’ येते, तीही फसवी आहे. थेट पद्धतीत नळी आपण ग्राहकाच्या त्वचेवर फिरवतो. डोक्यासाठी फणीच्या दातांसारखी नळी असते, ती केसांतून त्वचेपर्यंत पोचते. ‘अप्रत्यक्ष’मध्ये नळी ग्राहकाच्या हातात आणि आपली बोटं त्याच्या चेहऱ्यावर किंवा डोक्यावर. म्हणजे वीज त्याच्या अंगातून येऊन आपल्या बोटांशी जाणवते. यात अप्रत्यक्ष काय आहे? ‘नळीने’ आणि ‘बोटांनी’ अशी दोन नावं द्या. ‘बोटांनी’ पद्धतीत बोटं टेकवल्यावर यंत्र सुरू करायचं आणि बंद होईपर्यंत दोन्ही हात एकाच वेळी उचलायचे नाहीत. अल्कोहोल असलेलं लोशन नेहमी यंत्र बंद झाल्यावर. आधी लावलं तर ठिणगीने पेट घेऊ शकतं. ही ओळ ठळक छापा.

भाषांतरकार

आणि टाळू?

फिजिओथेरपिस्ट

टाळू म्हणजे तोंडातला वरचा भागही आणि डोक्याचा माथाही. तान्ह्या बाळाची टाळू भरली नाही म्हणतो ती माथ्याची. जाहिरातींनी तो शब्द अख्ख्या स्काल्पला लावला आहे, पण कानामागचा आणि मानेवरचा भाग टाळूत येत नाही. कुणी टाळूपुरतंच काम केलं तर बाकीचं डोकं राहून जाईल. ‘डोक्याची त्वचा’ लिहा.

काँट्राइंडिकेशनसाठी जड शब्द शोधू नका. ‘कोणावर करू नये’ असं शीर्षक द्या आणि खाली सरळ लिहा: हृदयात पेसमेकर असेल, गरोदरपण असेल, फिट्स येत असतील, उपचाराच्या भागात शरीरात धातू बसवलेला असेल, त्वचेवर जखम किंवा संसर्ग असेल तर नाही. शंका असेल तर डॉक्टरांचं लेखी मत घेतल्याशिवाय नाही. हे धड्याच्या शेवटी न टाकता गॅल्व्हॅनिकच्या आधी घ्या.

भाषांतरकार

घेते. ‘धनप्रवेश’, ‘ऋणप्रवेश’, ‘परतीचा इलेक्ट्रोड’, ‘नळीने’, ‘बोटांनी’ हे शब्द पक्के धरते. लिटमसची रीत टोकं ओळखण्याच्या परिच्छेदात टाकते आणि ‘कोणावर करू नये’ पहिल्या पानावर.