जुळे सोलापुरात शेजारचा गाळा घेऊ का?

किराणावाली
नमस्कार. जुळे सोलापुरात माझं एकोणीस वर्षांचं किराणा दुकान. शेजारचा गाळा रिकामा झालाय, मालक मलाच देतो म्हणतोय. पण गिऱ्हाईकच ओळखू येईना, म्हणून विचारते.

सुरुवातीला इथे सगळे नोकरदार. मास्तर, बँकेतले, एसटीतले. एक ते दहा तारखेला यादी घेऊन यायचे, पुढचे वीस दिवस नुसती काडेपेटी न् साबण. सुगी झाली की घरटी मालदांडी ज्वारीचं पोतं ठरलेलं. यंदा दहा पोती भरली, चार गेली. उरलेली दळून दोन-दोन किलोच्या पुड्या बांधल्या, तेव्हा कुठं हलली.

आता त्याच बंगल्यात म्हातारा-म्हातारी दोघंच. पेन्शन, नाहीतर पोराचे पुण्याहून मोबाईलवर आलेले पैसे. मागच्या अपार्टमेंटमधले भाडेकरू कुणी कर्नाटकातल्या इंडीकडचे, कुणी जुन्या शहरातल्या, विणकरांच्या पूर्व भागातून आलेले तेलुगू बोलणारे पद्मशाली. त्यांची खरेदी शनिवारी रात्री, नेमकी मी शटर ओढताना. कन्नड मला येतं. तेलुगूत 'एंत' (किती) च्या पुढं गाडी जात नाही.

पूर्वभागकर
मावशी, त्या शनिवारवाल्यांतलाच मी. आजोबा कापड गिरणीत होते, वडिलांनी टॉवेलचे दोन माग चालवले, मी युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंगला. आई अजून विड्या वळते, हजार विड्यांमागं मजुरी. पोरांच्या शाळेसाठी इकडं आलो, पण पगार अजून आठवड्यालाच होतो. फ्लॅटवाले म्हणून आम्हाला महिन्याची यादी मागू नका. पाच तारखेला कर्जाचा हप्ता कापला की तो आठवडा कोरडाच. चिंच चांगली ठेवा, बारीक तांदळाची पंचवीस किलोची बॅग ठेवा, आणि शनिवारी दहापर्यंत उघडं ठेवा की ओ.

आकडेमोड
महापालिका हद्दीची लोकसंख्या 2001 ला 8,72,478 होती, 2011 ला 9,51,558. म्हणजे दहा वर्षांत जेमतेम 9 टक्के, राज्याची वाढ तेव्हा 16 टक्के होती. जन्म धरून एवढीच वाढ, म्हणजे माणसं बाहेर जात होती हे उघड आहे. 1992 च्या हद्दवाढीनंतर शहर पसरलं, पण नव्या भागातली बरीच वस्ती जुन्या शहरातूनच सरकलेली. 2011 नंतर जनगणना झालेली नाही, त्यामुळे त्यापुढचं तुमच्या उधारीच्या वहीत जास्त सापडेल.

हिंजवडीतला सोलापूरकर
तो पुण्यातला पोरगा मीच समजा. पैसे मी पाठवतो, पण तीन मजले पोतं चढवणार कोण? चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्या दिवशी बाबा घरातून हलत नाहीत. घरपोच करा, बिल मला पाठवा. आणि काकू, मोठ्या माणसांचे डायपर ठेवाल का? मेडिकल लांब आहे, आणि बाबांना तिथं चारचौघांत मागायची लाज वाटते.

किराणावाली
डायपर माझ्या डोक्यातच नव्हतं. उद्याच मागवते, काळ्या पिशवीत पाठवीन, बाबांना काही बोलणार नाही.

गाळ्याला अकरा महिन्यांचा करार मागितलाय. तिथं पिठाची गिरणी नको, तांदूळ न् चिंच ठेवते. सायकलवर पोरगा ठेवते, दुपारी म्हाताऱ्यांची घरं, शनिवारी काउंटर. पूर्वभागकर, दहापर्यंत उघडं ठेवीन, पण उधारी शनिवार ते शनिवारच हं. पाच तारखेचं तुमचं तुम्ही बघा.