बाबांचा एचएलए-बी२७ जीन पॉझिटिव्ह, मुलाची टेस्ट आत्ताच करावी का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जाणकारांनी आणि ज्यांच्या घरात हे आहे त्यांनी प्लीज सांगा.

माझ्या नवऱ्याला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस (मणक्याचा आणि कंबरेचा सुजेचा संधिवात) आहे. पंचविशीपासून कंबर दुखायची, पहाटे दुखण्यानेच जाग यायची, सकाळी तासभर आखडलेला आणि मग चालायला लागला की मोकळा. सगळे म्हणायचे गादी सरकलीय, आराम कर, आणि आराम केला की हमखास जास्त दुखायचं. शेवटी एक डोळा लालभडक झाला, उजेड सहन होईना, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनीच कंबरेचं विचारलं आणि रुमॅटॉलॉजिस्टकडे (संधिवाताच्या डॉक्टरांकडे) पाठवलं. एमआरआयमध्ये एसआय जॉइंटला (मणक्याच्या खालच्या टोकाला कंबरेच्या हाडाशी जोडणाऱ्या सांध्याला) सूज, बी२७ पॉझिटिव्ह. आता औषधांनी बराच बरा आहे.

सासरे तर शेवटी पूर्ण वाकले होते, मान वळवायची तर अख्खं अंग वळवायचे. तेव्हा कोणी याला नावच दिलं नव्हतं.

आता प्रश्न मुलाचा, वय १३, काही त्रास नाही, रोज फुटबॉल खेळतो. नणंद म्हणते टेस्ट करून टाका, सासूबाई म्हणतात कशाला, उद्या लग्नाच्या वेळी हेच पुढे येईल. मला दोघींचंही पटतं आणि झोप लागत नाही.

मी वाचलंय ते असं की हा जीन त्याच्याकडे यायची शक्यता निम्मी. या जीनचा आणि आजाराचा संबंध १९७३ मध्येच सापडला, पण जीन असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीच होत नाही. घरात आईवडील किंवा भावंडाला आजार असेल तर मात्र धोका बराच वाढतो म्हणे. म्हणजे बी२७ एकटा नाही, ईआरएपी१ सारखे बाकीचे जीन्सपण लागतात आणि बाहेरचंही काहीतरी लागतं, कारण सगळे जीन्स सारखे असलेल्या जुळ्यांमध्येही कधी एकालाच होतो. मग पॉझिटिव्ह आलं तर मी नक्की काय वेगळं करणार? आणि निगेटिव्ह आलं तर निश्चिंत व्हायचं का?

---

ताई, मी स्वतः पेशंट आहे आणि मला मुलगी आहे, म्हणून लिहितो. आम्ही टेस्ट केली नाही. आमच्या डॉक्टरांनी एकच विचारलं, रिझल्टने आज उपचार बदलणार आहेत का? त्रास नसेल तर काहीच द्यायचं नसतं. आणि हा जीन जन्मापासून असतो किंवा नसतो, टेस्ट आज केली काय आणि वीसाव्या वर्षी केली काय, उत्तर तेच येणार, त्यामुळे घाई कसलीच नाही. निगेटिव्ह असून आजार झालेले लोकही आहेत, त्यामुळे त्या कागदावर निश्चिंत होऊ नका.

लक्ष ठेवा ते लक्षणांवर. मुलांमध्ये बऱ्याचदा कंबरेआधी टाच दुखते किंवा गुडघा सुजतो. खेळून दुखलेलं विश्रांतीने कमी होतं, हे उलट वागतं, सकाळी जास्त आणि हालचालीने कमी. असं काही आठवडे टिकलं, किंवा डोळा लाल होऊन दुखायला लागला, तर थेट रुमॅटॉलॉजिस्टकडे जा आणि वडिलांचा आजार आधी सांगा, तेव्हा ही टेस्ट खरंच कामाची. डोळ्याचं मात्र त्याच दिवशी दाखवा. फुटबॉल अजिबात बंद करू नका.

---

खूप खूप आभार दादा. टाचेचं माहीतच नव्हतं. सासूबाईंना आणि नणंदेला दोघींना हे वाचून दाखवते आज. कोणाच्या मुलांना लहान वयात त्रास सुरू झाला असेल तर पहिलं लक्षण काय होतं ते लिहाल का?