ऑक्टोबरात एका दिवसात नाशिकचा गोदाकाठ

दादरकर: दसऱ्यानंतर आईला घेऊन एका दिवसात नाशिकचा गोदाकाठ पाहून परतायचे आहे. तिला फार चालवत नाही. कोणती ठिकाणे घ्यावीत?

मुलुंडकर: सकाळच्या तपोवन एक्सप्रेसने निघावे आणि नाशिकरोडहून रिक्षाने थेट पंचवटी गाठावी, कारण रामकुंड, काळाराम मंदिर आणि नारोशंकराचे मंदिर जवळजवळ आहेत. नारोशंकराची घंटा मात्र आईंना निवांत दाखवा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या विजयाची ती खूण मानली जाते.

ठाणेकर: काळारामाचे केवळ दर्शन घेऊन निघू नका. १९३० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह झाला तो इथेच, आणि माझ्या मते गोदाकाठावर याहून महत्त्वाची जागा नाही.

दादरकर: मनःपूर्वक आभार. त्र्यंबकेश्वर या वेळी वगळतो.