लाल तिकिटावरचा पुसट काळा ओव्हरप्रिंट

तुमच्या लाल टपाल तिकिटावरचा काळा ओव्हरप्रिंट (तिकीट छापून झाल्यावर त्यावर नंतर छापलेली अक्षरं) पुसट झालाय, तो वाचायला वर कुणीतरी तिकीट ओलं करून बघायला सुचवलंय. कृपया तसं करू नका! जुन्या काही शाया पाण्यात लगेच फुटतात आणि मग उरलंसुरलंही जातं. त्याऐवजी १२०० डीपीआयला रंगीत स्कॅन करा आणि फोटो एडिटरमध्ये फक्त लाल चॅनल (चित्रातला लाल रंगाचा वेगळा थर) उघडा. तुमचं तिकीट लाल आहे, त्यामुळे मूळ चित्र फिकं पडतं आणि काळी अक्षरं वर येतात. (निळ्या तिकिटाला निळा चॅनल.) मग तिकीट उलटं ठेवून बाजूने तिरका टॉर्च मारा, खिळ्यांनी (छपाईच्या धातूच्या अक्षरांनी) छापलेलं असेल तर दाबाच्या खुणा बरेचदा मागे उमटलेल्या असतात. आणि भिंगाखाली हे नक्की बघा, अक्षरं टपालाच्या शिक्क्याच्या शाईवर बसलीत का? ओव्हरप्रिंट शिक्क्याच्या आधी छापलेला असायला हवा, त्यामुळे तसं असेल तर बनावटीचा दाट संशय घ्यावा.