पावसाळ्यात घरचा ब्रेड मऊही राहावा आणि त्याला बुरशीही लागू नये, यासाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमचे घर रत्नागिरीजवळ, समुद्रापासून फार तर दहा मिनिटांच्या अंतरावर आहे आणि घरात आई व मी अशा दोघीच राहतो. आईला दातांमुळे कडक काही चावता येत नाही, म्हणून मी आठवड्यातून एकदा घरीच ब्रेड करते. २५० ग्रॅम मैदा, २५० ग्रॅम कणीक, ३३० मिली पाणी, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ९ ग्रॅम मीठ, २० ग्रॅम साखर आणि २५ ग्रॅम लोणी असे प्रमाण घेते आणि ओटीजीमध्ये १९० अंशांवर सुमारे ३५ मिनिटे भाजते. ब्रेड चांगला फुलतो, जाळीही छान पडते. प्रश्न त्यानंतरचा आहे.

थंडीच्या दिवसांत स्टीलच्या डब्यात ठेवलेला ब्रेड तीन-चार दिवस व्यवस्थित टिकतो; परंतु जून लागला की त्याच डब्यात दोन-तीन दिवसांतच हिरवट ठिपके दिसू लागतात. बुरशीच्या भीतीने फ्रीजमध्ये ठेवावा, तर दुसऱ्याच दिवशी तो कोरडा आणि भुसभुशीत होतो, मग तो पिशवीत कितीही घट्ट बांधलेला असो. कापडात गुंडाळून ठेवल्यास वरची कड चामट होते. टोस्ट करून खावा हा सल्ला पुष्कळांनी दिला, पण टोस्ट आईच्या उपयोगाचा नाही.

आणखी एक गोष्ट विचारायची आहे. मागच्या पावसाळ्यात एकदा ब्रेडवर बुरशीचा मागमूसही नसताना आतला भाग ओलसर व चिकट झाला होता आणि त्याला अति पिकलेल्या फळासारखा गोडसर वास येत होता. तो टाकून दिला, पण तो प्रकार नेमका काय होता आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करावे?

प्रतिसाद:

ताई, फ्रीजमध्ये ब्रेड लवकर शिळा होतो हा तुमचा अनुभव अगदी बरोबर आहे आणि त्यात तुमच्या बांधणीचा काही दोष नाही. ब्रेड कडक होतो तो केवळ पाणी उडून गेल्यामुळे, असा सर्वसाधारण समज असतो. परंतु झाँ-बाप्तिस्त बूसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५२ मध्येच दाखवून दिले होते, की हवाबंद ठेवलेला, पाणी अजिबात न गमावलेला ब्रेडसुद्धा शिळा होतो आणि पुन्हा गरम केला की बऱ्याच अंशी ताजा होतो. भाजताना पिठातला स्टार्च पाणी शोषून फुगतो, आणि थंड झाल्यावर त्याचे रेणू हळूहळू पुन्हा एकमेकांना चिकटून स्फटिकांसारखी घट्ट रचना करू लागतात. ही क्रिया शून्याच्या थोडे वर, म्हणजे नेमकी फ्रीजच्या तापमानाला, सर्वांत वेगाने होते. उणे १८ अंशांच्या आसपास ती जवळजवळ थांबते आणि सुमारे ६० अंशांच्या पुढे गरम केले की बरीचशी उलटते.

म्हणून पावसाळ्यात कोकणात ब्रेड ठेवण्याची योग्य जागा फ्रीजर हीच आहे. ब्रेड भाजून झाल्याबरोबर साच्यातून काढून जाळीवर ठेवावा आणि आतपर्यंत पूर्ण निवू द्यावा. त्याला दोन-तीन तास सहज लागतात. कोमट असताना पिशवीत भरल्यास वाफेचे पाणी आतल्या बाजूने धरते आणि बुरशीला आयते आमंत्रण मिळते. निवल्यावर त्याच दिवशी काप करून, दोन कापांच्या मध्ये बटर पेपर घालून, हवा काढलेल्या झिपच्या पिशवीत भरावेत, म्हणजे लागतील तेवढेच काप सुटे काढता येतात. दोन-तीन आठवडे चव चांगली राहते. पुढे ब्रेड खराब होत नाही, पण कोरडा पडतो आणि फ्रीजरचा वास धरतो.

टोस्टचा प्रश्न वाफेने सुटेल. कोकणातल्या घरात मोदकपात्र असणारच! त्यात पाणी उकळले की चाळणीवर फडके पसरून गोठलेले काप ठेवावेत आणि झाकणालाही फडके बांधावे, म्हणजे थेंब ब्रेडवर पडणार नाहीत. दीड-दोन मिनिटांत ते मऊ होतात. मात्र असे काप लगेच खावेत, कारण निवल्यावर ते पहिल्यापेक्षा लवकर कडक होतात.

चिकट ब्रेडचे वर्णन बॅसिलस सबटिलिस जातीच्या जिवाणूंशी तंतोतंत जुळते. त्यांचे बीजाणू पिठातूनच येतात, कणकेत कोंड्यामुळे अधिक असतात, आणि ब्रेडच्या मध्यभागी तापमान शंभर अंशांच्या पुढे जात नसल्यामुळे भाजूनही जिवंत राहतात. उष्ण, दमट हवेत ते वाढतात. काप ओढून वेगळा केला तर रेशमासारखे धागे सुटतात. ५०० ग्रॅम पिठाला दोन चहाचे चमचे पांढरे व्हिनेगर घातल्यास आंबटपणामुळे त्यांची वाढ रोखली जाते आणि चवीत फरक कळत नाही. पीठ मळण्याचा ओटा, साचा आणि सुरीसुद्धा व्हिनेगरने पुसून घ्यावी. बुरशीचे मात्र वेगळे आहे: तिचे बीजाणू भाजताना मरतात आणि नंतर हवेतून, फळीवरून, डब्यातून नव्याने येतात. तेव्हा डबा दर वेळी गरम पाण्याने धुऊन कडकडीत कोरडा करावा, आणि ठिपका दिसला की तेवढाच भाग कापून बाकीचा ब्रेड खाऊ नये, कारण सच्छिद्र ब्रेडमध्ये बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्याहून खोल गेलेले असतात.

प्रतिसाद:

आम्ही गोव्यात हा प्रश्न फारसा येऊच देत नाही. पोदेर म्हणजे पाववाला सकाळ-संध्याकाळ दारी येतो, त्यामुळे पोळी असो वा उंडे (हे आमच्याकडचे पावांचेच प्रकार), त्या त्या वेळी लागतील तेवढेच घ्यायचे आणि संपवायचे. त्याच धर्तीवर सुचवते, की एका मोठ्या लोफऐवजी त्याच पिठाचे छोटे पाव करून पाहावेत. एकेक पाव सुटा गोठवता येतो, कापण्याची भानगड राहत नाही आणि सुरी व फळी यांच्याद्वारे बुरशी पोहोचण्याची एक वाटही बंद होते.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. मोदकपात्राची युक्ती आजच करून पाहिली आणि आईने कडेसकट काप खाल्ला. आता दोन शंका उरल्या आहेत. आमच्याकडे पावसात वीज वारंवार जाते, कधी कधी अर्धा दिवसही. अशा वेळी गोठवलेल्या ब्रेडचे काय करावे? आणि बाहेर ठेवलेला ब्रेड निदान दोन दिवस अधिक मऊ राहील असा काही बदल कृतीतच करता येईल का?

प्रतिसाद (पहिले उत्तर देणारे):

फ्रीजर रिकामा ठेवू नये. पाण्याच्या बाटल्या गोठवून मोकळ्या जागा भराव्यात आणि वीज नसताना दार उघडू नये, म्हणजे गारवा बराच वेळ धरून राहतो. कापांचा बर्फ सुटला तरी ते अजून थंड असतील, तर त्याच दिवशी वाफवून संपवावेत. पुन्हा गोठवल्यास पोत बिघडतो.

कृतीत बदल जरूर करता येईल. एकूण पिठापैकी ३० ग्रॅम मैदा आणि एकूण पाण्यापैकी १५० मिली पाणी एकत्र करून मंद आचेवर ढवळत राहावे. सुमारे ६५ अंशांना ते दाट होते आणि पळीने ढवळताना तळ दिसू लागतो. हे मिश्रण निववून उरलेल्या पिठात घालावे. आधीच शिजलेला स्टार्च पुष्कळ पाणी धरून ठेवतो, त्यामुळे एकूण पाणी २० ते ३० मिली वाढवले तरी पीठ हाताला फार चिकटत नाही आणि ब्रेड अधिक काळ मऊ राहतो. लोणी ४० ग्रॅमपर्यंत वाढवावे. मात्र याने बुरशी लांबत नाही, उलट ओलावा वाढल्याने ती लवकरच येऊ शकते. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत लागेल तेवढाच ब्रेड बाहेर ठेवावा.