मदत हवी आहे: नाताळानंतर देणगीदारांशी नातं कसं टिकवावं?

प्रभूमध्ये सर्वांना सलाम. आमची छोटी ख्रिस्ती सेवासंस्था आहे, देणगीदारांचं काम माझ्याकडे. डिसेंबरात आवाहन जातं, पैसे येतात, पावत्या जातात आणि मग पुढच्या नाताळापर्यंत आमच्याकडून चकार शब्द नाही. गेल्या वर्षी एका जुन्या देणगीदार ताई म्हणाल्या, "तुमचं पत्र आलं की पैसेच हवे असणार, हे कळतं." ते फार लागलं, कारण खरंच होतं.

प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै शहरातल्या मंडळीला, पत्र लिहिलं तेव्हा देणगीची पोच दिलीच, पण त्याआधी त्यांच्यासाठी प्रार्थना केली, तुरुंगातलं वर्तमान कळवलं. तसं काहीतरी करायचंय. पुनरुत्थानदिनाआधीच्या (ईस्टरआधीच्या) उपवासकाळाच्या 40 दिवसांत आम्ही त्यांचे प्रार्थनाविषय मागवावेत, पुनरुत्थानदिनी एखादी साक्ष (देवाच्या कार्याचा कुणाचा तरी अनुभव) पाठवावी, पन्नासाव्या दिवसाच्या (पुनरुत्थानदिनानंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या पेंटेकॉस्ट सणाच्या) सुमारास खर्चाचा साधा हिशेब द्यावा, असं डोक्यात आहे. यातल्या एकाही पत्रात पैसे मागायचे नाहीत.

खरी अडचण पन्नासाव्या दिवसानंतर आगमनकाळापर्यंतच्या (नाताळाआधीच्या सुमारे चार आठवड्यांपर्यंतच्या) लांब पट्ट्याची. तेव्हा तुम्ही काय पाठवता? फोन करता का? आणि लाभार्थी मुलांची गोष्ट त्यांची अब्रू राखून कशी सांगता? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.