प्रति: मिशनरी बंगल्यात राहायचे?

वर म्हटलंय की चीनमधले मिशनरी बंगल्यात राहायचे आणि रविवारी प्रवचन द्यायचे. बंदराच्या शहरांत तसेही होते, नाही कशाला म्हणू. पण ग्लॅडिस आयलवर्डचं उदाहरण बघा. लंडनमधली मोलकरीण. चिनी भाषा जमणार नाही म्हणून चायना इनलँड मिशन या मिशनरी संस्थेने तिला नाकारलं. मग पै-पै साठवून १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ती स्वतःच सैबेरियातून जाणाऱ्या रेल्वेने निघाली आणि शान्शी प्रांतातल्या डोंगराळ यांगचंगला पोचली.

तिथे जीनी लॉसन या म्हाताऱ्या मिशनरी बाईंबरोबर तिने खेचरवाल्यांसाठी सराई चालवली. संध्याकाळी तांडा रस्त्यावरून जाऊ लागला की पुढच्या खेचराचा लगाम धरून त्याला अंगणात ओढायचं, हे ग्लॅडिसचं काम! एक आत आलं की बाकीची मागोमाग यायची. जेवणं झाली की बायबलमधल्या गोष्टी. आपल्याकडे कीर्तनकाराने निदान श्रोते असे ओढून आणले नसतील.

पुढे तिथल्या मँडरिनने, म्हणजे चिनी सरकारी अधिकाऱ्याने, तिला सरकारी काम दिलं. लहान राहावेत म्हणून मुलींचे पाय घट्ट बांधायची चीनमध्ये जुनी चाल होती; तिच्यावर बंदी आली होती, ती पाळली जाते का हे गावोगाव फिरून तपासायचं. घराघरांत शिरून मुलींच्या पायांच्या पट्ट्या सोडवायला पुरुष अधिकारी कसा जाणार? धर्मप्रसार म्हणाल तर या फेऱ्यांतच व्हायचा.

१९३६ मध्ये तिने चिनी नागरिकत्वही घेतलं. बंगलेवाल्यांपैकी किती जणांनी घेतलं असेल?